हालत्या चंबूंतील शेती

विरजण लावण्याची कला आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कोमट दुधांत चमचाभर दहीं मिसळावें, भांडें झांकून उबेच्या जागीं ठेवावें आणि मग सकाळपर्यंत त्यास हात लावूं नये, हा तिचा मुख्य नियम. अर्धवट लागलेलें दहीं हालविलें तर तें मोडतें व त्यास पाणी सुटतें, हें सांगण्यास कोणा शास्त्रज्ञाची गरज नाहीं. परंतु जंतूंच्या साह्यानें औषधें बनविणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत पाऊल टाकावें, तों अगदीं उलट देखावा दृष्टीस पडतो. तेथें कांचेचे शेंपन्नास चंबू एका पाटावर घट्ट बसविलेले असतात, आणि तो पाट मिनिटास दोनशें फेऱ्यांच्या वेगानें रात्रंदिवस गरगरत असतो. आंतील जंतूंस क्षणाचीहि स्वस्थता मिळूं द्यावयाची नाहीं, असा जणूं तेथें पणच केलेला असतो. दह्याचे जंतु स्थिर भांड्यांत सुखानें नांदतात आणि हे जंतु मात्र हालत राहिले तरच वाढतात, असें कां व्हावें? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर नीट न कळल्यामुळें होणारें नुकसान साधें नाहीं.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. त्या जिल्ह्यांत सूर्या नदीच्या कांठीं मासवण हें गांव वसलेलें आहे. नदीचें पाणी येथें उचलून पुढें वसई-विरारपर्यंत पोंचविलें जातें. मासवणहून बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत फारशी दूर नाहीं, आणि त्या वसाहतींत रसायनांचे व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. पंचक्रोशींतील सूक्ष्मजंतुशास्त्राचा पदवीधर मुलगा किंवा मुलगी अशा उद्योगांत शिरली, तर तिच्या हातीं पहिल्या दिवशीं बहुधा मोठ्या यंत्राच्या किल्ल्या येत नाहींत. हातीं येतो तो शंकूच्या आकाराचा, अरुंद गळ्याचा कांचेचा चंबू. घरीं विचारलें असतां ती सांगते, ‘चंबू हालवतें.’ ऐकणारांस तें काम पोरखेळासारखें वाटतें. तें तसें कां नाहीं, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

आपल्या प्रांतांत चंबूंतील जंतुशेतीचा इतिहास सव्वाशें वर्षांहून जुना आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उसळली. त्या ऑक्टोबरांत डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं लस बनविण्याचा उद्योग आरंभिला. लोकांच्या धर्मभावना ओळखून त्यांनीं गाईचें वा डुकराचें मांस वर्ज्य केलें व बकऱ्याच्या मांसाचा रस चंबूंत भरला. त्या रसावर त्यांनीं तुपाचे थेंब तरंगत ठेविले. प्लेगचे जंतु त्या थेंबांच्या खालच्या अंगास चिकटत आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणें रसांत लोंबत वाढत. कांहीं दिवसांनीं चंबू हालविला, कीं त्या पारंब्या तुटून तळाशीं बसत आणि तुपाखालीं नवें पीक धरूं लागे. अशीं पिकें आठवडेच्या आठवडे घेऊन मग ते जंतु उष्णतेनें मारीत व त्यांची लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळ येथील संस्था १९२५ पासून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

हाफकिन यांचें हालविणें अधूनमधून होत असे, आणि त्याचा हेतु पीक झाडून घेण्याचा होता. चंबू अखंड हालवीत ठेवण्याची पद्धत पुढें रूढ झाली. हॉलंडमधील डेल्फ्ट येथें क्लायव्हर व पर्क्विन यांनीं १९३३ मध्यें बुरशी अशा रीतीनें वाढवून दाखविली. पृष्ठभागावर सायीसारखी पसरणारी बुरशी त्यायोगें सबंध द्रवांत सारखी विखरून वाढूं लागली. पेनिसिलिनच्या शोधानंतर या युक्तीचें महत्त्व फारच वाढलें. १९४१ सालीं ऑक्सफर्डचे फ्लोरी व हीटली अमेरिकेंत पिओरिया येथें गेले. तेथील प्रयोगशाळेंत बशा-बाटल्यांतील पृष्ठभागावरची लागवड मागें पडून चंबूंतील व टाक्यांतील लागवडीस वेग आला. आपल्याकडे १९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान ॲंटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलिन निघूं लागलें. तेथील संशोधक डॉ. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं मातींतील जंतूंपासून बुरशीच्या रोगांवर चालणारें हॅमायसिन हें नवें औषध शोधून काढलें. ज्या जंतूपासून तें मिळालें त्याच्या शास्त्रीय नांवांतच पिंपरीचें नांव गोंविलेलें आहे. अशा प्रत्येक शोधाची वाट मातीच्या चिमटीपासून मोठ्या टाकीपर्यंत जातांना हालत्या चंबूंतूनच जाते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दह्याच्या जंतूंना प्राणवायूची गरज नसते. दुधांतील साखर आंबवून तिचें आम्ल करण्यावर त्यांची गुजराण चालते. औषधें देणारे बहुतेक जंतु मात्र आपल्यासारखेच श्वसन करणारे आहेत. साखर जाळावी, तिच्यापासून शक्ति मिळवावी, हा त्यांचा संसार. आणि जाळण्यास प्राणवायु हवा. येथेंच मोठी अडचण उभी राहते. साखर पाण्यांत वाटेल तेवढी विरघळते, पण प्राणवायु फारच थोडा. ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत हवेंतून जास्तींत जास्त सुमारें साडेसात मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. उलट एक ग्रॅम द्राक्षशर्करा पूर्णपणें जाळावयास एक ग्रॅमहून थोडा अधिकच प्राणवायु लागतो. लिटरभर पोषणद्रवांत दहा ग्रॅम साखर घातली आणि जंतूंनीं तींतील निम्मीच जाळली, असें धरलें, तरी सुमारें सव्वापांच ग्रॅम प्राणवायु पाहिजे. म्हणजे त्या पाण्यांत एका वेळीं मावणारा सगळा प्राणवायु सुमारें सातशें वेळां संपणार व सातशें वेळां पुन्हां भरावा लागणार. साखरेचें कोठार भरलेलें. पण श्वासाची शिधा मात्र क्षणाक्षणाला आणावयाची, अशी ही स्थिति आहे.

हा श्वास आंत जातो कसा, हें समजण्यास मासवणजवळची सूर्या नदीच पाहावी. पावसाळ्यांत ती खडकांवरून फेंसाळत, फुटत, पातळ होत वाहते. त्या वेळीं पाण्याचा कणन्‌कण हवेस भेटतो. तेंच पाणी उन्हाळ्यांत एखाद्या खोल डबक्यांत अडकलें, म्हणजे हवेस त्याचा केवळ वरचा पापुद्रा मिळतो आणि तळ कोंडून कुजूं लागतो. चंबूचें रहस्य हेंच. तो गोलाकार फिरूं लागला कीं आंतील द्रव एका बाजूस उसळून चंद्रकोरीसारखा कडेनें धांवूं लागतो आणि ज्या कांचेवरून तो पुढें गेला तिच्यावर ओलाव्याचा एक पातळ थर मागें ठेवितो. या थरांत प्राणवायु झपाट्यानें मुरतो. दुसऱ्या फेरीस द्रव परत येतो आणि तो ताजा श्वास आपल्यांत मिसळून घेतो. स्वच्छ कांचेवर पाणी पसरतें, कांहीं प्लॅस्टिकांवर त्याचे थेंब होतात. म्हणून भांडें कशाचें आहे, यावरहि श्वास कमी-अधिक होतो.

यावरून पहिली सुधारणा सहज निघते, आणि ती फुकट आहे: चंबू थोडा भरावा. २५० मिलिलिटरच्या चंबूंत २५ मिलिलिटर द्रव घातला तर त्यास श्वास भरपूर मिळतो. तोच चंबू अर्धा भरला तर तितक्याच भिंतीच्या ओल्या थरावर पांचपट जंतूंची गुजराण लादली जाते. काटकसर म्हणून चंबू भरणें हें वस्तुतः उधळपट्टीचें काम आहे. दुसरी गोष्ट फिरण्याच्या वेगाची व फेऱ्याच्या घेराची. कांहीं यंत्रांचा पाट २५ मिलिमीटर व्यासाच्या घेरांत फिरतो, कांहींचा ५० मिलिमीटरच्या. तंतूंसारखे वाढणारे मातींतील जंतु पोषणद्रवास खळीसारखा दाट करितात, आणि घेर लहान असेल तर चंबू फिरत राहतो पण आंतील दाट द्रव त्याची साथ सोडून जवळजवळ जागींच डुचमळतो. बाहेरून पाहणारास यंत्र चालू दिसतें. आंत जंतु गुदमरत असतात. अशा वेळीं मोठ्या घेराचें यंत्र उपयोगीं पडतें. चंबूच्या बुडास खळगे पाडून द्रव अधिक घुसळण्याचीहि युक्ति आहे. मात्र तिनें फेंस येतो, शिंतोडे उडून तोंडावरील कापसाचा बोळा भिजतो आणि भिजलेल्या बोळ्यांतून हवा जात नाहीं. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घ्यावें, तसा तो प्रकार होतो.

तिसरी गोष्ट तर नवशिक्यांच्या ध्यानींमनींहि नसते. जंतु दाट झाल्यावर नमुना काढण्यासाठीं यंत्र थांबविलें, तर द्रवांतील प्राणवायु मिनिटभराच्या आंतच संपूं शकतो. वीस चंबूंचे नमुने सावकाश, गप्पा मारीत काढले, तर शेवटच्या चंबूंतील जंतूंवर जो प्रसंग येतो तो पहिल्याच्या वांट्यास आलेला नसतो. आणि मग त्या दोहोंच्या आंकड्यांची तुलना करणें म्हणजे जेवलेल्या व उपाशी मुलाची शर्यत लावण्यासारखें आहे.

श्वासाखालोखाल प्रश्न अन्नाचा. मानवी इन्सुलिन बनविण्यासाठीं प्रथम ज्या जंतूचा उपयोग झाला, आणि ज्याच्यापासून निघालेलें इन्सुलिन १९८२ पासून बाजारांत आलें, तो कोलाय जंतु भारी खादाड आहे. अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्याच्यापुढें एकदम पुष्कळ साखर ठेविली, तर प्राणवायु असूनहि ती त्यास नीट पचत नाहीं; अर्धवट जळालेल्या साखरेचें तो सिरक्यांतील आम्ल करून बाहेर टाकतो. प्राणवायु अपुरा पडला तर आम्लांची भर आणखी वाढते. थोड्याच तासांत सगळा द्रव आंबट होऊन वाढ थांबते. मोठ्या टाकीस नळ्या, पंप व आम्लता दाखविणारीं उपकरणें असतात. तेथें साखर थेंबाथेंबानें सोडतां येते आणि आम्ल वाढतांच त्यावर क्षार घालतां येतो. गरीब चंबूला हें कांहींच नसतें. सगळा शिधा आरंभींच त्याच्या पदरीं टाकून आपण दुसऱ्या दिवशीं त्यास जाब विचारावयास जातों.

यावर उपाय दोन. पोषणद्रवांत आम्लता आवरून धरणारे क्षार पुरेसे घालावे, हा एक. आणि साखर हळूहळू मिळेल अशी तजवीज करावी, हा दुसरा. या दुसऱ्या उपायाची चुणूक पिओरियाच्या लोकांस पूर्वींच मिळाली होती. द्राक्षशर्करेऐवजीं दुधांतील साखर दिली तर बुरशी ती सावकाश खाते आणि पेनिसिलिन अधिक देते, असें त्यांस आढळलें होतें. २००८ सालीं फिनलंडमधील औलू येथील संशोधकांनीं याच तत्त्वास नवें रूप दिलें. त्यांनीं चंबूंत साखरेऐवजीं पिष्ठ ठेविलें व तें फोडणारा पाचक रस अगदीं मोजका घातला. पिष्ठ हळूहळू फुटतें, साखर कणाकणानें सुटते, आणि जंतूला हांवरेपणा करण्यास संधीच मिळत नाहीं. पंप नाहीं, नळी नाहीं. तरी टाकींतील शिस्त बव्हंशीं चंबूंत आली. लहान मुलास ताट भरून न वाढतां घांसाघांसानें भरविणाऱ्या आईस यांत नवल वाटणार नाहीं.

तिसरा प्रश्न ज्ञानाचा. फिरणारा चंबू ही आजवर बंद पेटी होती. सकाळीं व संध्याकाळीं नमुना घेतला तर दोन क्षणांचें ज्ञान होई. मधल्या रात्रीं आंत काय घडलें, याचा कोणासहि पत्ता नसे. जर्मनींत आखेन येथील ब्यूख्स व त्यांचे सहकारी यांनीं २००१ च्या सुमारास अशी योजना सिद्ध केली कीं, चंबू फिरत असतांनाच आंतील जंतु प्राणवायु किती घेतात हें आपोआप नोंदलें जावें. त्या नोंदींची रेघ चढत जाऊन एकाएकीं सपाट झाली, तर श्वास अपुरा पडला असें समजावें; एकदम कोसळली, तर अन्न संपलें. आतां चंबूच्या आंतून चिकटविण्याचे प्रकाशसंवेदी ठिपकेहि मिळतात. बाहेरून त्यांवर प्रकाश टाकला कीं प्राणवायूचें व आम्लतेचें मान कळतें. परंतु ज्यास अशीं साधनें परवडत नाहींत त्यानेंहि चंबू तराजूवर तोलून पाण्याची वाफ किती झाली हें पाहावें, प्रत्येक वेळीं बीं सारख्याच वयाचें व सारख्याच मापाचें घालावें, आणि एकेका प्रयोगाचे तीन-तीन चंबू पाटावर निरनिराळ्या जागीं ठेवावे. शिस्तीस फारसा पैसा लागत नाहीं.

एवढी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. चंबूंतून औषध विकावयाचें नसतें, हें खरें. पण चंबूंतून निवड करावयाची असते, आणि सगळें मर्म तेथेंच आहे. समजा, दोन वाण परीक्षेस बसविले. पहिला तडफदार आहे. त्यास श्वास भरपूर हवा, पण तो मिळाल्यास तो औषधहि भरपूर देतो. दुसरा मंद; थोड्या श्वासावर भागवितो व थोडेंच देतो. चंबू अर्धे भरलेले असले तर पहिला गुदमरतो, आम्ल करतो आणि मागें पडतो. दुसरा संथपणें पुढें निघतो. वहींत दुसऱ्याचा क्रमांक पहिला लागतो व पहिला वाण मोरींत ओतला जातो. पुढें हजारों लिटरांच्या टाकींत, जेथें हवा मुबलक आहे, तेथें हा मंद वाण आपल्या मंदपणानेंच चालतो. वर्षें जातात, पैसा जातो, आणि टाकीस दोष दिला जातो. दोष टाकीचा नसतो; ज्या परीक्षेनें हुषार विद्यार्थी नापास केला त्या परीक्षेचा असतो.

नोंदींच्या शिस्तीचें मोल हाफकिन यांच्याच चरित्रांत फार कठोर रीतीनें दिसून आलें. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मलकोवाल गांवीं प्लेगची लस टोंचलेल्या लोकांपैकीं एकोणीस जण धनुर्वातानें मरण पावले. ते सगळे एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. ठपका प्रयोगशाळेवर व हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांस कामावरून दूर व्हावें लागलें. ती बाटली गांवीं उघडतांना दूषित झाली असावी, हा पक्ष मान्य होऊन त्यांचें नांव निष्कलंक ठरण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. जंतूंच्या व्यवहारांत एका बुचाचा निष्काळजीपणा एकोणीस घरांत रडें पोंचवितो आणि एका माणसाचीं पांच वर्षें हिरावून घेतो.

आज आपल्या देशापुढें आणखी एक निकड आहे. पिंपरीस १९५५ मध्यें सुरू झालेलें पेनिसिलिन पुढें आपल्या देशांत टिकलें नाहीं. स्वस्त परदेशी, विशेषतः चिनी मालापुढें येथील पेनिसिलिन-जीचे कारखाने बंद पडले. गोळ्या आपण बनवीत राहिलों, पण त्यांचें मूळ द्रव्य बाहेरून आणूं लागलों. विजेचा दर, कारखान्याचा आकार, परदेशांतील सवलती अशीं याचीं अनेक कारणें होतीं. परंतु एका लिटरांतून किती ग्रॅम औषध निघतें, हा हिशेब त्या सर्वांच्या मुळाशीं असतो, आणि तो हिशेब सुधारण्याची पहिली जागा म्हणजे चंबू. २०२० मध्यें केंद्र सरकारनें अशीं मूळ द्रव्यें देशांत बनविणारांस उत्पादनाच्या प्रमाणांत उत्तेजन देण्याची योजना काढली आणि २०२४ मध्यें आंध्र प्रदेशांत काकिनाडा येथें पेनिसिलिन-जी पुन्हां निघूं लागलें. पैसा व टाक्या उभ्या करतां येतात. हातांतून गेलेलें कसब मात्र एका अर्थसंकल्पानें परत येत नाहीं. तें चंबूपाशीं बसून पुन्हां शिकावें लागतें.

सुदैवानें या शिक्षणास फार मोठ्या भांडवलाची गरज नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत औद्योगिक सूक्ष्मजंतूंचा राष्ट्रीय संग्रह आहे व तेथून शिक्षणसंस्थांस वाण मिळूं शकतात. एक फिरतें यंत्र, दोन डझन चंबू, एक तराजू व एक प्रामाणिक वही एवढ्यावर एखादें लहानसें महाविद्यालयहि उपयुक्त काम करूं शकेल. चंबू किती भरल्यानें वाढ कशी बदलते, एवढा एकच प्रयोग जरी विद्यार्थ्यांनीं स्वतः करून आंकडे मांडले, तरी पाठ केलेल्या दहा प्रकरणांहून तो अधिक शिकवील. आपल्या सुशिक्षित घरांतून अजून असें समजलें जातें कीं, लिहिणें-वाचणें ही विद्या आणि भांडीं धुणें, मापें घेणें, नोंदी ठेवणें हें हलकें काम. जंतुशास्त्रांत हा भेद टिकत नाहीं. तेथें स्वच्छ धुतलेला चंबू हाहि एक युक्तिवाद असतो, आणि नीट न घेतलेलें माप हें असत्य विधान असतें.

तेव्हां तारापूरकडे नोकरीस जाणारी मुलगी संध्याकाळीं घरीं येऊन ‘आज चंबू हालवले’ म्हणाली, तर तिला हंसूं नये. किती भरले, किती वेळ थांबवले आणि वहींत काय लिहिलें, एवढे तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावे. त्यांचीं उत्तरें तिला नेमकीं देतां आलीं, तर पुढें केव्हां तरी कोणा रोग्याच्या हातीं पडणारें औषध थोडें स्वस्त व थोडें खात्रीचें होण्यास तिचा हात लागला, असें समजण्यास हरकत नाहीं.